कामाचा हात

६ नोव्हेंबर १९३७

अक्का गेली त्याला आज सोळा दिवस झाले. तेरावे झाले. दिवाळी आमच्याकडे नव्हती. बाबा मळ्यात वांग्यांना पाणी देतात, मी कापसाच्या जिनात हजेरी घेतो, संध्याकाळी दोघे समोरासमोर बसून जेवतो आणि बोलत नाही. भाकरी मी थापतो. त्या फाटतात. जिनातले एक कोरे बुक घरी आणले आहे, त्यात हे लिहीत आहे.

अक्काचे नाव झुंबर. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. आई गेल्यावर तिनेच मला वाढवले. तिला दुसरबीडला दिले होते. दीड वर्षात त्यांनी तिला परत आणून सोडले, कारण ती डावरी होती. सासूने तिला डाव्या हाताने नैवेद्य वाढताना पाहिले. तेव्हा बाबांनी सांगून ठेवले की ही गोष्ट उंबऱ्याबाहेर जायची नाही. अक्काही चारचौघांत उजवा हातच पुढे करी. मग ती जानेफळच्या रस्त्यावरच्या जिनात कापूस निवडायला जाऊ लागली. निवडताना दोन्ही हात चालतात, त्यामुळे तिथे कोणाला कळले नाही. माझी सातवी तिच्या त्या कामावर झाली, आणि सातवी झालो म्हणून मी त्याच जिनात कारकून आहे.

ऑक्टोबरात नारायणराव इंजिनिअर यंत्र घेऊन आले. मनगटांत तांब्याच्या रुंद पट्ट्या, त्यांना तारा, तारा डायनामोकडे आणि मध्ये पोलादी तारेचे मोठे रीळ. हुशार माणसाने पट्ट्या घालून काम केले की त्याचे हात रिळावर उतरतात. मग तेच रीळ दुसऱ्याच्या मनगटांवर चालवले की त्याचे हात तेच काम करू लागतात. नारायणराव म्हणाले, "हात तयार व्हायला पाच वर्षं लागतात. आपण ते नऊ दिवसांवर आणू. पुढं माणसाला शिकत बसायची गरजच राहणार नाही."

सगळ्यांत चलाख हात अक्काचे, म्हणून तिला बसवले. नोंदीचे काम माझ्याकडे होते. नाव, वय, गाव, आणि शेवटचा रकाना "कामाचा हात". मी "उजवा" लिहिले. अक्का समोर बसली होती. तिला वाचता येत नव्हते. तिने विचारले, "काय लिहिलं बे?" मी सांगितले. ती म्हणाली, "बरं केलं."

नोंद असेल त्या हाताला यंत्र जास्त जोर देते. आठ दिवस रीळ चालले. उजव्या हाताचा उठाव रिळावर येत नाही म्हणून नारायणराव रोज यंत्राची जोराची मूठ थोडी पुढे फिरवीत. अक्का म्हणे, हातात मुंग्या येतात. काम संपल्यावर तिसऱ्या दिवशी तिला ताप आला आणि त्यापुढे दोन दिवसांनी ती गेली. अंग तापलेले होते, उजवा हात तेवढा खांद्यापर्यंत गार. डॉक्टरांनी ताप लिहिला. त्या दिवसांत गावात ताप होताच.

१५ नोव्हेंबर

आज बारा बायांना यंत्राच्या खोलीत बसवले. पहिली मनकर्णाबाई मुकादमीण. तिला विधवा होऊन वीस वर्षे झाली. पट्ट्या चढवताना ती म्हणाली, "जलमभर सोन्याच्या पाटल्या मागतल्या, त्या काही भेटल्या नाही. आता म्हातारपणी भेटल्या तं तांब्याच्या, आन् घालणारा नारायणराव." बाया खूप हसल्या. नारायणराव तारा तपासत होते, त्यांना हसू आले नाही. तेव्हापासून सगळ्या जणी पट्ट्यांना पाटल्याच म्हणतात.

कौशल्याही त्या बारांत आहे. ती अक्काच्या शेजारी बसून निवडायची. तिने मला विचारले, "शालिग्रामभाऊ, हे झुंबरचंच रीळ ना?"

मी हो म्हणालो.

"मंग भेव नाही," ती म्हणाली आणि आत गेली.

दार लावून घेतात. मी आत गेलो नाही. डायनामोचा आवाज तेवढा बाहेर येतो.

२४ नोव्हेंबर

काल नववा दिवस झाला. आज बारा जणी शेडमध्ये निवडायला बसल्या.

कवडी, म्हणजे डागी पिवळा कापूस, निघाला की अक्का तो न पाहता डाव्या बाजूला मागे फेकायची आणि तो बरोबर टोपलीत पडायचा. आज बाराही जणींनी तसाच फेकला. टोपल्या उजवीकडे ठेवलेल्या होत्या, म्हणून कवडी जमिनीवर पडली. बायांनी खाली पाहिले आणि टोपल्या डावीकडे सरकवून घेतल्या. 

त्यांचे हात इतके भरभर चालतात की त्यांना तिकडे लक्ष द्यावे लागत नाही. नजर भलतीकडे असते. कोणी जांभई देते, कोणी रस्त्यावरच्या बैलगाडीकडे बघते, आणि हात खाली आपले आपण निवडत असतात. चोवीस हातांत एक लय आहे. ती मला चांगली माहीत आहे. मी घरी अभ्यास करायचो तेव्हा समोर बसून अक्का तुरीच्या शेंगा याच लयीत सोलायची.

मी हजेरी घेत होतो. अकरा नावे नीट घेतली. बारावे घेताना तोंडातून "झुंबर" गेले. कोणी मान वर केली नाही. हात मात्र सगळे थांबले. मी घाईने कौशल्याचे नाव घेतले, ती "हाव" म्हणाली आणि हात पुन्हा सुरू झाले.

३० नोव्हेंबर

कौशल्याचे घर आमच्या मळ्याला लागून आहे. आज सुटी होती. ती वांगी न्यायला आली. मी चुलीपाशी होतो. माझ्या परातीतली भाकर बघून म्हणाली, "भाऊ, ही भाकर आहे का गोधडी? उठा तिथून."

ती बसली. डाव्या तळव्याने थापू लागली आणि उजव्याने पीठ सावरू लागली. ती स्वतः तशी थापत नाही, मला माहीत आहे. लहानपणापासून पाहिले आहे. थोड्या वेळाने ती स्वतःच हाताकडे बघू लागली. थांबली मात्र नाही.

बाबा विहिरीवर होते. थापण्याचा आवाज ऐकून ते मोट तशीच सोडून आले. दारात उभे राहिले. मग हात धुऊन पाटावर बसले आणि तीन भाकरी खाल्ल्या. अक्का गेल्यापासून त्यांनी एकावर दुसरी घेतली नव्हती.

ती जाऊ लागली तेव्हा त्यांनी तिला विचारले, "उद्या येशीन का माय?"

१२ डिसेंबर

कौशल्या रोज येते. भाकरी करून जाते. बाबा चुलीसमोर बसतात. ते तिच्याशी बोलत नाहीत, तिच्या तोंडाकडे बघत नाहीत. तिच्या डाव्या हाताकडे बघतात. काल त्यांनी त्या हातावर थोडी ताजी कोथिंबीर ठेवली. अक्काला हुंगायला आवडायची. कौशल्याला तिचे काय करावे ते कळले नाही. तिने ती पदरात बांधली.

आज बाबा उठून गेल्यावर ती मला म्हणाली, "भाऊ, एक गोष्ट सांगू? माहं पोरगं माह्याजवळ झोपत नाही. मी थोपटलं का रडते आन् आजीकडं पळते. म्हणते, ही माय नाही."

मी म्हणालो, अडीच वर्षांचे पोर आहे, सवय होईल.

"त्याले होईल," ती म्हणाली. "मले होईल का?"

 माझ्या मनात होते ते असे की थोपटण्याची ती रीत अक्काची आहे, मला ती पाठ आहे, आणि ते मूल रडते ते मला आवडले नाही. हे लिहायला बरे वाटत नाही, पण तसेच होते.

२९ डिसेंबर

हल्ली भाकरीच्या वेळेला मीही जिनातून लवकर घरी येतो.

१५ जानेवारी १९३८

काल संक्रांत झाली. जिनाच्या मालकीणबाईंनी हळदीकुंकवाला गावातल्या बायांबरोबर जिनातल्या सवाष्णींनाही बोलावले होते. कौशल्याने आज सांगितले. करंडे आळीपाळीने सगळ्यांच्या हातात येत होते. जिनातल्या बायांच्या हातात आले तसे एकीमागून एक सगळ्यांची डावी बोटे कुंकवात गेली आणि डावा हातच समोरच्या कपाळाकडे गेला. पाटलीणबाई कपाळ मागे घेऊन उठल्या. त्यांच्यामागे निम्म्या बाया वाण न घेता निघून गेल्या. एका म्हातारीने आपले कपाळ पुसून टाकले.

"मी हात धरून ठेवला व्हता भाऊ," कौशल्या म्हणाली. "उजव्यानं डावा धरला. तरी गेला."

नारायणरावांना मालकांनी बोलावून घेतले. ते दुपारी शेडमध्ये आले आणि माझ्याशी बोलत उभे राहिले. "रिळात दोष नाही. नोंद उजव्याची आहे. उजव्याचा उठाव सुरुवातीपासूनच कमी पडला, म्हणून डावा वरचढ झाला. सोमवारपासून पुन्हा नऊ दिवस रीळ चालवायचं आणि उजव्याचा जोर तिप्पट ठेवायचा. आपोआप सरळ होईल."

मी मान हलवली.

१६ जानेवारी

रविवार. दिवसभर मळ्यात होतो.

एक वाक्य सांगायचे आहे. ती डावरी होती. ते सांगितले की नारायणराव उद्या उजव्याला जोर देणार नाहीत. पण मग हे रीळ कामाचे नाही असेच ते म्हणतील. डाव्या हाताच्या बाया मालकांना नको आहेत. ते दुसऱ्या कोणाचे तरी रीळ उतरवतील आणि या बाराही जणींवर चालवतील. नऊ दिवसांत त्यांच्या हातांत दुसरीच बाई असेल. आमच्या चुलीपाशीही.

आणि नोंद कोणी केली ते विचारतील.

जोर वाढवल्याने काही होईलच असे नाही. अक्काला ताप होता. डॉक्टरांनी तसे लिहिले आहे.

बाबांना यातले काही बोललो नाही. ते आज जेवताना म्हणाले, "काठ पाह्य कसा पातळ येते. हुबेहूब." उद्या सकाळी बघू.

१७ जानेवारी

सांगितले नाही. यंत्र सुरू झाले.

१९ जानेवारी

कौशल्या भाकरी करायला बसली आणि परात तिच्याकडून सुटली. उजवा हात झटकत होती.

"काय झालं?" बाबांनी विचारले.

"काही नाही बाबा. मुंग्या येऊन राह्यल्या सकाळपासून. साऱ्याईलेच येतात. मनकर्णाबाई म्हणते, पाटल्या दाटून आल्या."

बाबांनी माझ्याकडे पाहिले. मी तिच्या हाताला हात लावला. आजवर मी तिला कधी हात लावला नव्हता. बोटे गार होती. ती चुलीपुढे बसलेली होती आणि बोटे गार होती.

२० जानेवारी

सकाळी यंत्र सुरू व्हायच्या आत सांगितले.

नारायणरावांनी मला दोनदा बोलायला लावले. मग कपाटातून नोंदीचे बुक काढले, पान उघडून माझ्याकडे फिरवले. "हे अक्षर तुझंच ना?"

"हो."

ते ओरडले नाहीत. खुर्चीत बसून यंत्राच्या मुठीकडे बघू लागले. त्यांचा चेहरा मला आवडला नाही. मला वाटले होते ते रागावतील.

मनकर्णाबाई दारात उभी होती. ती म्हणाली, "मले ठाऊक व्हतं. पाच वर्षं माह्या समोर बसली ती, मले दिसणार नाही का?"

"मग बोलल्या का नाहीत?" नारायणरावांनी विचारले.

"लेकीबाळीचं असं कोणी सांगते का साहेब?"

यंत्र सुरू केले नाही. रीळ पुसायचे ठरले. बायांच्या पाटल्या काढल्या. तीन जणींचे उजवे हात मनगटापर्यंत गार आहेत, कौशल्याचा कोपरापर्यंत. तिला मेहकरच्या दवाखान्यात पाठवले.

मग नारायणरावांनी दुसरी गोष्ट सांगितली. रिळाची एक नक्कल डिसेंबरात खामगावच्या एका जिनात गेली आहे. तिथे चाळीस बाया आहेत. त्यांचेही हात डावीकडे जात होते, म्हणून संक्रांतीच्या दुसऱ्याच दिवशी नारायणरावांनी पत्राने कळवले होते की तिथेही उजव्याचा जोर वाढवा. रिळाबरोबर माझ्या नोंदीच्या पानाचीही नक्कल गेली आहे.

त्यांनी मेहकरहून तार केली. संध्याकाळी उत्तर आले. नोंद उजव्याची आहे, लेखी आदेश उजव्याचा आहे, खात्री करून कळवा.

२१ जानेवारी

उद्या पहाटेच्या मोटारीने खामगावला जातो. नारायणरावांनी पत्र दिले आहे. ते म्हणाले, "पत्रावर ते विश्वास ठेवतील की नाही सांगता येत नाही. तू स्वतः उभा राहा."

बाबांना सगळे सांगितले. ते वांग्यांच्या ओळीत बसून गवत काढत होते. मी बोलत होतो तोवर त्यांचे खुरपे चालूच होते.

"तूच लिहिलं व्हतं," ते म्हणाले.

"हो."

"माह्याच शब्दानं लिहिलं तू."

मीही शेजारी बसून गवत उपटू लागलो.

"कौशल्याचा हात वाचते का?"

"डॉक्टर म्हणतात, आठ दिवस थांबा."

"आन् तठी जाऊन तू सांगतलं, का मंग ते बी रीळ पुसतील?"

"हो बाबा. कुठेच राहणार नाही."

त्यांनी खुरपे ठेवले. हाताची माती झाडली. मग म्हणाले, "जाय मंग. मोटार चुकवू नको."

आज त्यांनी स्वतः भाकरी केल्या. माझ्यापेक्षा वाईट.

२२ जानेवारी, खामगाव

मोटार वाटेत दोनदा बंद पडली. पोचायला दुपार झाली. जीन मोठे आहे. इथे यंत्रासाठी बंद खोली नाही, उघड्या शेडमध्येच तारा ओढल्या आहेत. चाळीस बाया चार रांगांत बसल्या होत्या, सगळ्यांच्या मनगटांत पाटल्या. आज जोर वाढवून चौथा दिवस. काही जणी मधूनच उजवा हात छातीशी धरत होत्या आणि पुन्हा कामाला लावत होत्या.

इथले इंजिनिअर तरुण आहेत. त्यांनी पत्र वाचले. त्यांच्याकडे आलेले नोंदीचे पान मला दाखवले. "ही नोंद करणारा कारकून कुठं आहे?"

"मीच."

"तेव्हा उजवा लिहिलंस, आज डावा सांगतोस. यातलं खरं काय ते मी कशावरून धरू?"

"ती माझी बहीण होती," मी म्हणालो. "ती गेली."

त्यांनी विचारले, कशाने. मी सांगितले, ताप आला होता. मग सांगितले, उजवा हात खांद्यापर्यंत गार होता. त्यांनी पान खाली ठेवले. मिस्त्रीला हाक मारली आणि डायनामो फिरवणारा इंजिनावरचा पट्टा उतरवायला पाठवले.

इंजीन आवाराच्या दुसऱ्या टोकाला आहे. मिस्त्री धावत गेला तरी वेळ लागणार होता. रीळ फिरत होते.

ऑक्टोबरात अक्काचे हात रिळावर उतरत होते त्या आठ दिवसांत मी दुपारी तिची भाकरी घेऊन जायचो. काम थांबवायची तिला मुभा नव्हती, म्हणून ती मान वर करत नसे. डाव्या हाताने शेजारची जमीन दोनदा थोपटायची. बस म्हणून. मी कोट घातलेला असायचा. निवडणाऱ्या बाईशेजारी खाली बसलेले कोणी पाहिले तर काय म्हणेल, असे वाटायचे. भाकरी ठेवून निघून यायचो. आठही दिवस.

रीळ आज त्या ठिकाणी आले. चाळीस डावे हात कापसातून एकदम बाहेर निघाले आणि त्यांनी आपापल्या शेजारची जमीन दोनदा थोपटली. बाया माझ्याकडे बघत नव्हत्या. एक जण शेजारणीला सुनेविषयी काही सांगत होती, ती सांगतच राहिली.

मी पुढे होऊन पहिल्या रांगेच्या टोकाला बसलेल्या म्हातारीशेजारी जमिनीवर बसलो. तिने दचकून डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

"काय पाह्यजे रे बाबू?"

"काही नाही, माय."

"मंग अठी काऊन बसला?"

तिचा डावा हात पुन्हा कापसात गेला होता. पाकळी उचलत होता, दोनदा झाडत होता, कचरा करंगळीने उडवत होता. मी त्याच्याकडे बघत होतो. म्हातारी माझ्याकडे बघत होती.

"अक्का, मला उशीर झाला," मी म्हणालो.

ती काही बोलणार होती, तेवढ्यात तिकडे पट्टा उतरला. चाळीस जोड हात मांडीवर आले. शेडमध्ये सगळे शांत झाले. म्हातारीने समोरच्या ढिगाकडे पाहिले, मग आपल्या दोन्ही हातांकडे आळीपाळीने पाहिले, आणि कोणत्या हाताने उचलायचे ते मला विचारले.